समासातली फुली : दफनाच्या जुन्या नोंदी वाचण्याविषयी

दफनाच्या जुन्या वहीत नाव, वय, तारीख आणि पुरल्याची जागा लिहून झाली की नोंद पूर्ण झाली असे आपण धरतो. पण समासाकडे नजर गेली की दुसरेच काही दिसू लागते. एका नावाशेजारी फुली, दुसऱ्याखाली रेघ, तिसऱ्यासमोर एकच अक्षर, कुठे दोन टिंबे, कुठे वेगळ्या शाईतली तिरकी खूण. वही लिहिणाऱ्याला या खुणांचा अर्थ पाठ होता, म्हणूनच तो त्याने कुठे लिहून ठेवला नाही. त्याच्यानंतर आलेल्यालाही तो बहुधा ठाऊक असावा. तिसऱ्या-चौथ्या पिढीत मात्र खूण उरते आणि अर्थ जातो. रिकामी झालेली ती जागा वाचणारा आपल्या मनातल्या गोष्टीने भरतो : हा माणूस आत्महत्येने गेला असेल, ही बाई वाळीत टाकलेली असेल, हे मूल लग्नाबाहेरचे असेल, हा साथीच्या रोगात गेला असेल, हा बाटला असेल. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. समासातली खूण आधी लिहिणाऱ्याच्या कामाची असते. मेलेल्या माणसाच्या चारित्र्याशी, जातीशी किंवा श्रद्धेशी तिचा संबंध आहे असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची आहे. तोवर तिला पैशाची, प्रतीची, तपासणीची किंवा संस्काराची खूण समजूनच वाचायला सुरुवात करावी.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न मांडण्याला कारण आहे. इथल्या मरणाच्या नोंदी एका हाताने, एका लिपीत, एका सत्तेखाली झालेल्या नाहीत. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १५५९ मध्ये दमण गेले, आणि या दोहोंमधल्या किनाऱ्यावर डहाणू त्यांच्या ठाण्यांपैकी एक झाले. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आले, मे महिन्यात वसई पडली, आणि या किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता दमणपुरती उरली. उत्तर कोकणातल्या पाद्रोआदोखालच्या, म्हणजे पोर्तुगीज राजाश्रयाखालच्या, चर्चेस १८८६ ते १९२८ या काळात दमण धर्मप्रांतात होत्या, नंतर मुंबईच्या महाधर्मप्रांतात आल्या. आणि १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत झाला तेव्हा डहाणू, तलासरी हे तालुके त्यात गेले. तलासरीच्या आदिवासी पाड्यांतले मिशनचे काम विसाव्या शतकातले. तिथली दफनाची वही त्यामुळे वसईच्या जुन्या धर्मग्रामांच्या (पॅरिशांच्या) वहीची धाकटी बहीण आहे, पण रिवाज तिने थोरलीकडूनच घेतले. मुलकी बाजूही अशीच तुटक. आजचा तलासरी तालुका पूर्वी उंबरगाव तालुक्याचा भाग होता. १ मे १९६० रोजी उंबरगाव गुजरातेत गेले आणि मागे उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. जिल्हा आधी ठाणे, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. म्हणजे एकाच पाड्यावरच्या दोन पिढ्यांच्या मरणाच्या नोंदी पोर्तुगीज, लॅटिन, इंग्रजी, मराठी बालबोध, मोडी आणि गुजराती यांपैकी कुठल्याही वळणात सापडू शकतात. इतक्या हातांतून गेलेल्या कागदावरची खूण एका नजरेत कळते असे म्हणणे धाडसाचे आहे.

मग सुरुवात कुठून करायची? जिथे खुणेचा अर्थ लिहून ठेवलेला आहे तिथून. रोमन विधिग्रंथ १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांच्या काळात निघाला. त्यात धर्मगुरूने कोणकोणत्या वह्या ठेवाव्यात हे सांगितले आहे : बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहाची, मृतांची आणि धर्मग्रामातल्या घराघरांतील माणसांची. या शेवटच्या कुटुंबवहीसाठी खुणाही नेमून दिल्या आहेत. ज्यांना ख्रिस्तप्रसाद घेण्याची परवानगी मिळाली त्यांच्या समोर समासात रोमन लिपीतले एक अक्षर, ज्यांचे दृढीकरण झाले त्यांच्यासमोर दुसरी संक्षिप्त खूण, आणि जे दुसऱ्या गावी राहायला गेले त्यांच्या नावाला रेघ. या तिन्हींपैकी एकही खूण गुपित नाही, एकही कलंक नाही. रेघ ओढलेले नाव पाहून आजचा वाचक 'याला बहिष्कृत केले' असे म्हणेल. ग्रंथ म्हणतो, माणूस फक्त गाव सोडून गेला. मृतांच्या वहीत पापनिवेदन, अंतिम ख्रिस्तप्रसाद आणि अंतिम अभ्यंग यांपैकी काय झाले हे लिहायचे असे. रोजच्या धबडग्यात ही तीन वाक्ये तीन अक्षरांवर किंवा तीन टिंबांवर यावीत हे स्वाभाविक आहे. म्हणून मृतांच्या वहीत तीनपर्यंत मोजता येणारी खूण दिसली तर पहिला अंदाज संस्कारांचा करावा, रोगाचा नव्हे.

इंग्लंडातली उदाहरणे याच दिशेला बोट दाखवतात, आणि तिथे कारण संस्काराहून रोकडे आहे. १७८३ च्या कायद्याने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. कंगालांना माफी होती. त्यानंतरच्या इंग्लिश वह्यांत कित्येक नावांशेजारी रोमन 'पी' दिसते. ते 'पॉपर', म्हणजे कर न लागणारा गरीब. हा कर १७९४ मध्ये उठला. त्याआधी १६७८ च्या कायद्याने प्रेत लोकरीच्या कापडातच पुरायची सक्ती केली होती; देशातला लोकरीचा धंदा जगावा हा हेतू. आठ दिवसांत शपथपत्र आले नाही तर पाच पौंड दंड. त्या काळातल्या दफनाच्या नोंदींशेजारी शपथपत्राची आखूड खूण असते. आता ही दोन कायद्यांची माहिती पुसून टाका आणि तीच पाने वाचा. एका ओळीला खूण, पुढच्या दोन ओळींना नाही, चौथीला पुन्हा. कुणीही म्हणेल की ही माणसे वेगळी काढलेली आहेत. वेगळी काढली होती हे खरे, पण तीन पेन्सांसाठी आणि लोकरीसाठी.

आता फुलीकडे येऊ, कारण आपल्या भागात सर्वाधिक घोळ तीच घालते. आडव्या-उभ्या किंवा तिरप्या दोन रेघा. रोमन लिपीच्या कागदात ती क्रूस वाटते, मराठी कागदात फुली. युरोपातल्या कॅथलिक वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी मागाहून काढलेला क्रूस एवढेच सांगतो की हे मूल पुढे वारले. निरक्षर साक्षीदाराची निशाणी म्हणूनही तोच क्रूस येतो; आपल्याकडे अंगठ्याने जे काम केले ते. मराठी दप्तरात रकान्यात मारलेली फुली 'इथे लिहिण्यासारखे काही नाही' असे सांगते किंवा ओळ रद्द केल्याचे. आणि चौथी शक्यता सर्वांत रुक्ष, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित : ही नोंद प्रतीत उतरवली. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह, दफन नोंदींच्या प्रती लंडनला जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीचा गोषवारा तालुक्याला पाठवायचा असे. धर्मप्रांताच्या वतीने भेट देणारा अधिकारी वही तपासून 'पाहिले' अशी सही करी. प्रत काढणारा आणि तपासणारा, दोघेही ओळीओळीवर बोट ठेवून खूण करत जाणारच. चार अर्थ, एकच आकार. या चारांतून निवड करायची तर आकाराकडे पाहून भागत नाही. शाई मूळ नोंदीची आहे की नंतरची, खूण समासाच्या कुठल्या बाजूला आहे, ती एका पानावर थांबते की वर्षाच्या शेवटी थांबते, हस्ताक्षर बदलले की खूणही बदलते का, हे पाहावे लागते. नवा धर्मगुरू आला त्या दिवसापासून फुली नाहीशी होत असेल, तर फुली मेलेल्यांची नव्हती, जुन्या धर्मगुरूची होती. या एका कसोटीने निम्मी गूढे उलगडतात असे मला वाटते, आणि ती लावायला पानाऐवजी अख्खी वही समोर असावी लागते, एवढेच.

डहाणू-तलासरीत आणखी एक सोय आहे जी इतरत्र क्वचित मिळते. ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबातले मरण दोन वह्यांत नोंदले जाण्याची शक्यता असते : एक धर्मग्रामाची, दुसरी गावची, जिला महाराष्ट्रात कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणून ओळखतात. पहिली सांगते कुणी दफन केले, कुठे, कोणते संस्कार झाले. दुसरी सांगते जात, वय, मरणाचे कारण, जरी ते कारण फार वेळा नुसते 'ताप' असते. एकाच मरणाच्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की खुणेबद्दलचा अंदाज तपासता येतो. चर्चच्या वहीतली खूण साथीची असेल, तर गावच्या वहीत त्या नावांसमोर पटकी, देवी असे काही यायला हवे. आणि बिनखुणेच्या नावांसमोर ते फारसे येता कामा नये. दुसरी अट लोक विसरतात. खुणेची दहा नावे पटकीची निघाली याला काहीच किंमत नाही, जर बिनखुणेची तीसही पटकीचीच असतील.

लिप्यांचा घोळ इथेच येतो. गुजरातीतला पाचाचा आकडा मराठी 'प'सारखा दिसतो. उंबरगाव तालुक्याच्या काळात गुजराती वळणाच्या हाताने लिहिलेला नुसता पाच, आज डहाणूत बसून वाचणाऱ्याला 'प' वाटला आणि त्याने त्याचा 'पटकी' केला, तर त्याला कोण अडवणार? खरे तर तो वयाचा आकडा असू शकतो, घरक्रमांकाचा, वहीच्या पानाचा. मोडीतही अक्षरे जोडून, मात्रा सोडून लिहायची पद्धत. तिथे संक्षेप ओळखायला त्याच लेखकाची इतर दहा पाने वाचावी लागतात. पोर्तुगीज धर्मगुरूचे आखूड केलेले शब्द हा तर वेगळाच अभ्यास. म्हणून इथल्या वह्या एकट्याने वाचण्याच्या नाहीत. मोडी वाचणारा, गुजराती वाचणारा आणि चर्चचे रिवाज जाणणारा असे तिघे एका टेबलाशी बसले तर त्यांच्यात मतभेद होतील, आणि ते मतभेदच उपयोगाचे आहेत.

माझ्या या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की मी खुणांना फार निरागस करतो आहे. धर्मसंस्था काही माणसांना पवित्र भूमीत दफन नाकारत असे, १९१७ च्या धर्मनियमांतही आत्महत्या करणाऱ्यांना तशी बंदी होती. समाज जातीने, बटकीपणाने, जन्माने माणसे वेगळी काढत होता. मग वहीत त्याचा माग का नसावा? माग आहे, आणि ढळढळीत आहे. पण तो खुणेत लपलेला नाही. पोर्तुगीज वह्यांत गुलामाला गुलाम लिहिले आहे, आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला तसे लिहिले आहे. इंग्लिश वह्यांत अनौरस मुलाला अनौरस म्हटले आहे. आपल्या कोतवाल बुकात जातीचा रकानाच आहे. ज्या काळाला माणसावरचा डाग उघड लिहिताना संकोच नव्हता, त्या काळाने तोच डाग टिंबात दडवून ठेवावा याला कारण लागेल. संकोच आपल्या काळाचा आहे, आणि तो आपण जुन्या लेखकाला चिकटवतो. शिवाय ज्याला दफन नाकारले त्याची दफनाच्या वहीत नोंद नसण्याचीच शक्यता जास्त. वहीतली खूण पाहण्यापेक्षा वहीत नसलेले नाव शोधणे, म्हणजे गावच्या वहीत आहे पण चर्चच्या वहीत नाही असे मरण शोधणे, हा अन्यायाचा माग काढण्याचा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो साथींचा आहे. १८९६ पासूनची प्लेगची वर्षे, १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, या काळात मरणे इतकी झाली की लिहिणाऱ्याने काहीतरी लघुरूप योजले असणारच. हे मी मान्य करतो. पण लघुरूप योजले ते वेळ वाचवण्यासाठी, त्यामुळे ते वेगळ्याच गोष्टीचे असू शकते : संस्कार द्यायला धर्मगुरू पोहोचला नाही, एकाच दिवशी अनेक दफने झाली, नोंद नंतर ऐकीव माहितीवरून केली. साथीत सापडणारी खूण साथीची असेलच असे नाही. साथीमुळे लिहिणाऱ्याच्या कामात जो खंड पडला त्याचीही असू शकते. दोन्हींत फरक करायचा तर साथ ओसरल्यानंतरचे सहा महिने वाचावेत. कामाची घडी पूर्ववत होताच खूण गेली का, की पुन्हा एकट्या-दुकट्या मरणाशेजारी येत राहिली?

तिसरा आक्षेप घराघरांतून येईल. आमच्या आजोबांकडून आम्हाला ठाऊक आहे, ते कसे गेले ते आम्ही ऐकले आहे, मग समासातल्या खुणेचा अर्थ आम्ही सांगितला तर तो का घेऊ नये? घ्यावा, पण वहीच्या साक्षीत मिसळू नये, शेजारी वेगळा ठेवावा. कुणी सांगितले, केव्हा सांगितले, हे सांगणाऱ्याच्या संमतीने लिहावे, आणि खूण पाहण्याआधी सांगितले की पाहिल्यानंतर, हेही लिहावे. या शेवटच्या तपशिलावर सगळे अवलंबून असते. कारण खूण दाखवली की आठवण तिच्याकडे वळते. वारली चित्रांच्या बाबतीत या भागाने हे पाहिले आहे. लग्नाचा चौक सुवासिनींनी लिहायचा, धवलेरीने गाणी म्हणायची, पालघाट देवी त्यात बसायची. चित्र त्या विधीचा भाग होते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे ते जगभर गेले आणि बाहेरचे लोक प्रत्येक त्रिकोणाला, प्रत्येक वळणाला स्वतंत्र अर्थ मागू लागले. विधी जाणणाऱ्याला तो प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. वहीतल्या खुणेचेही तसेच : तिचा अर्थ तिच्या आकारात शोधला तर मिळत नाही, ती करणाऱ्या हाताच्या कामात मिळतो.

हा विषय काही हौशी वंशावळकारांपुरता असता तर एवढा आग्रह धरायची गरज नव्हती. पण इथे जुन्या कागदावरची एक ओळ माणसाचे आयुष्य ठरवू शकते. अनुसूचित जमातीच्या दाव्यांत स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. महाराष्ट्रात २००१ च्या कायद्याने पडताळणी समित्या काम करतात, आणि वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा कुटुंबांतली मुले शिक्षणाच्या, नोकरीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या मरणाची नोंद शोधत फिरतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे. तरीही जातीच्या रकान्याशेजारची फुली क्रूस म्हणून वाचली आणि त्यावरून आजोबा 'आदिवासी राहिले नव्हते' असा निष्कर्ष काढला, तर दोन चुका एकावर एक रचल्या जातात : फुलीचा अर्थ चुकीचा, आणि तो बरोबर असता तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. उलट बाजूही खरी. कुटुंबाला हवा तो अर्थ एका अक्षरातून काढून देणारे लोकही असतात, आणि तसा अर्थ पुढच्या तपासणीत कोसळतो तेव्हा भोगावे कुटुंबालाच लागते.

ज्या मातीत हे घडते तिला कागदाचा अनुभवही वेगळा आहे. २३ मे १९४५ रोजी झरी इथे, आजच्या तलासरी तालुक्यात, वारल्यांची परिषद भरली तेव्हा विषय वेठबिगारीचा आणि लग्नगडी प्रथेचा होता. लग्नासाठी घेतलेले कर्ज फेडायला नवराबायकोने जन्मभर जमीनदाराकडे राबायचे, आणि कर्ज किती उरले हे वही सांगणार. वही जमीनदाराची, अंगठा वारल्याचा. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये त्या लढ्याची हकीकत लिहिली आहे. ज्यांनी वाचता न येणाऱ्या वह्यांपायी आयुष्ये घालवली, त्यांच्या नातवंडांना आपण दुसऱ्या एका वहीतली न कळणारी खूण ठामपणे वाचून दाखवत असू, तर आपल्या ठामपणाला आधार काय, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

म्हणून प्रत्यक्ष कामाविषयी थोडे. नोंदींची सूची करताना नाव, तारीख, गाव एवढेच संगणकाच्या तक्त्यात घेतले की समास गळून पडतो, आणि एकदा तक्ता झाला की मूळ वहीकडे कुणी परतत नाही. तक्त्यात खुणेसाठी स्वतंत्र रकाना हवा आणि त्यात अर्थ न लिहिता वर्णन लिहावे : 'डाव्या समासात तिरपी फुली, नोंदीपेक्षा फिकट शाई'. अर्थाचा रकाना त्याच्या पुढचा, आणि तो बहुतेक ओळींत रिकामा राहिला तर ते कामातले न्यून समजू नये. खूण नसलेल्या ओळीही तितक्याच काटेकोरपणे उतरवाव्यात, कारण मोजणी त्यांच्यावरच उभी आहे. वहीचे छायाचित्र घेताना पान कापून मजकुरापुरते घेऊ नये. पानाच्या चारही कडा, शिवण, पुठ्ठ्याची आतली बाजू, सुरुवातीची व शेवटची कोरी पाने सगळी घ्यावीत. धर्मगुरू किंवा कारकून आपल्या सोयीची यादी, दफनशुल्काचे दर, वर्षअखेरच्या बेरजा अशा कोऱ्या पानांवरच लिहितो. वर्षअखेरच्या बेरजेत 'विनाशुल्क' असा आकडा असेल आणि त्या वर्षी समासातल्या फुल्या मोजून तेवढ्याच भरल्या, तर त्या वहीपुरता, त्या वर्षापुरता, त्या हातापुरता प्रश्न सुटला. पुढच्या वर्षाच्या फुल्या पुन्हा मोजाव्या लागतील.